कोडेक गेले, जाताना आवाजही घेऊन गेले

आमच्या प्रभादेवीच्या घरात तो जुना कॉम्प्युटर अजून का ठेवलाय, असं विचारणाऱ्याला मी हल्ली त्याची मागची बाजू दाखवते. तिथे तीन गोल भोकं आहेत, हिरवं, गुलाबी आणि निळं. निळं म्हणजे लाइन-इन. टेपरेकॉर्डरची वायर थेट त्यात जाते आणि डाव्या-उजव्या बाजूचा आवाज कॉम्प्युटरमध्ये वेगवेगळा उतरतो. सुनेच्या नव्या लॅपटॉपला एकच भोक आहे, हेडफोनचं. त्यात माइक चालतो म्हणे, पण मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकातच. बाबांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटमध्ये पेटी एका कानात आणि पखवाज दुसऱ्या कानात ऐकू येतो. तो मी मोनोत का उतरवू?

तर हा पेंटियम ४, इंटेलचा ८४५ चिपसेट, ४० जीबीची डिस्क आणि विंडोज एक्सपी. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला, त्यामुळे नेटची वायर काढून टाकलेली. काम फक्त दोन: कॅसेट उतरवणं आणि सोसायटीच्या नोटिसा जुन्या फॉण्टमध्ये टाइप करणं.

कॅसेट उतरवायला जागा लागते. सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १० एमबी खातं, म्हणजे एका सी-६०, साठ मिनिटांच्या, कॅसेटचे ६०० एमबी. डिस्क भरत आली, म्हणून नको ते काढायला बसले. मुदत संपलेला अँटिव्हायरस, केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर आणि कधीकाळी कोणीतरी सिनेमे बघायला टाकलेला एक कोडेक पॅक, म्हणजे निरनिराळ्या व्हिडिओ-ऑडिओ फाइली उलगडून वाजवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा गठ्ठा. सगळं रीतसर, कंट्रोल पॅनलमधूनच. मशीन रिस्टार्ट केलं आणि आवाज गायब.

खालच्या पट्टीतलं स्पीकरचं चित्र गेलेलं. कंट्रोल पॅनलमध्ये ‘नो ऑडिओ डिव्हाइस’, सगळी बटणं फिकट. गाणी वाजवणारा विनॅम्प म्हणाला, डायरेक्टसाउंडचा (विंडोजच्या आवाज वाजवणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर बिघडलाय, एरर ८८७८००७८. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि विंडोज यांच्यातला दुभाषी प्रोग्राम. शेजारचा मुलगा आला, त्याने मशीन चालू करताना येणारी ‘बीप’ ऐकली आणि जाहीर केलं, “काकू, आवाज आहे की!” ती बीप मदरबोर्डच्या स्वतःच्या छोट्या स्पीकरची असते, तिचा साउंडशी काही संबंध नाही, हे त्याला समजावण्यात चहा गार झाला.

बाहेरचे स्पीकर मोबाइलला लावून बघितले, ठणठणीत. जॅक काढून टोकाला बोट लावलं, घूं आवाज आला. मुंबईच्या दमट हवेत जॅकवर हिरवट थर चढतो, तोही पुसला. म्हणजे बिघाड डब्याच्या आतला.

स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला उतरले आणि इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असलेला लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराने मशीन न बघताच निदान केलं. “मॅडम, मदरबोर्डचा साउंड उडाला. यूएसबी साउंडकार्ड न्या, दोनशे-अडीचशेचं काम.” ते कार्ड हातात घेऊन पाहिलं, तर भोकं दोन, हेडफोन आणि माइक. परत मोनोच! ठेवलं आणि निघाले. लॅमिंग्टन रोडवर हवं ते मिळतं, पण काय हवंय ते आपल्याला आधी ठाऊक पाहिजे.

ऐरोलीत नोकरी करणारा भाचा फोनवर म्हणाला, “मावशी, फॉरमॅट मारू या ना, तासाभराचं काम.” फॉण्टच्या प्रोग्रामची फ्लॉपी आता कुठे मिळणार, एवढंच विचारलं. मग तो जरा गंभीर झाला आणि व्हिडिओ कॉलवर मला मॉनिटरसमोर मोबाइल धरायला लावला.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह कुठेच नाही. साउंडच्या नावासमोर ‘डिव्हाइस नीट चालू आहे’ असा दाखला. मदरबोर्डच्या सीडीतून ड्रायव्हर पुन्हा टाकला, फरक शून्य. सर्व्हिसेसमध्ये ‘विंडोज ऑडिओ’ बघितलं, तेही चालू. म्हणजे चिप शाबूत, ड्रायव्हर शाबूत, सर्व्हिस चालू, तरी विंडोज म्हणतंय डिव्हाइसच नाही. इथे भाच्याला पहिल्यांदा मजा वाटायला लागली.

एक्सपीच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जच्या वहीत, लोकल मशीनच्या सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन अशा वाटेने आत गेलं की ‘ड्रायव्हर्स३२’ नावाचा कप्पा लागतो. आवाज वाजवणारे कित्येक प्रोग्राम इथे विचारतात, आवाज कुणाच्या हाती द्यायचा? उत्तर ‘वेव्ह’ नावाच्या ओळीत असतं. कोडेक पॅकही आपल्या ओळी याच कप्प्यात लिहितात, आणि आमच्या पॅकने जाताना आपल्या ओळींबरोबर विंडोजच्याही पुसल्या होत्या. ‘वेव्हमॅपर’ होता, ‘वेव्ह’ नव्हता. ‘मिक्सर’ही नव्हता, ‘मिडी’ही नव्हता. भाडेकरूने खोली सोडताना घरमालकाचा पंखाही उतरवून न्यावा, तसला प्रकार.

काही लिहिण्याआधी त्याने तो कप्पा एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवायला लावला. रजिस्ट्रीत हात घालायचा तर याशिवाय घालू नये. मग नवी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची नवी ओळ, नाव ‘वेव्ह’, आणि समोर फाइलचं नाव. ते त्याने असं सांगितलं: “डब्ल्यू वडाळ्याचा, डी दादरचा, एम माहीमचा, ए अंधेरीचा, यू उल्हासनगरचा, डी डोंबिवलीचा, मग टिंब, मग डी-आर-व्ही.” तीनही रेल्वेलाइन फिरून झाल्या. मिक्सर आणि मिडीच्या ओळीतही हेच नाव. फाइल सिस्टम३२ फोल्डरमध्ये आपल्या जागी आहे ना, तेही बघून घेतलं. ती होती, फक्त तिला बोलवणारं कोणी नव्हतं.

रिस्टार्ट. विंडोजची सुरुवातीची धून अख्ख्या खोलीत घुमली, कारण स्पीकरचं बटण मी चाचपणी करताना शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं. आमच्या ह्यांनी पेपरमधून डोकं वर काढलं.

तरी कॅसेट उतरेना! ऐकू येतंय, पण रेकॉर्डिंगची रेघ सपाट. ते कारण साधं निघालं. ड्रायव्हर पुन्हा टाकल्यावर रेकॉर्डिंगसाठी माइक निवडला गेला होता. व्हॉल्यूम कंट्रोलच्या ऑप्शन्समध्ये, प्रॉपर्टीजमध्ये ‘रेकॉर्डिंग’ निवडून लाइन-इनवर खूण केली आणि रेघ पखवाजाबरोबर नाचायला लागली.

तो कोडेक पॅक परत टाकलेला नाही. सिनेमे-गाणी वाजवणाऱ्या व्हीएलसी प्रोग्राममध्ये बहुतेक कोडेक त्याचे स्वतःचेच असतात, तेवढं पुरतं. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्या जागेचं म्हणाल तर पॅक काढून सुमारे ३० एमबी मोकळे झाले होते. म्हणजे तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग, एक अभंगही पुरा होत नाही. उरलेल्या कॅसेटसाठी शेवटी बाहेरची हार्ड डिस्क आणली, १ टीबीची आणि एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीत फॉरमॅट केलेली. जुन्या एक्सपीला त्याहून फार मोठी पचत नाही.