कच्छच्या रणासाठी लेन्स भाड्याने घेताना : माझा अनुभव

तुम्ही स्वतः भाड्याच्या घरात राहत असाल आणि कॅमेऱ्याची लेन्स भाड्याने घ्यायची असेल तर लेन्स कुठली ते नंतर बघा, आधी केवायसी उरकून घ्या. माझा अजूनही राग गेलेला नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय.

ट्रिप जानेवारीतली, आधी छोट्या रणात घुडखर म्हणजे रानगाढवं आणि मग पुढे धोरडोचं पांढरं रण. बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) माझी स्वतःची, निकॉन डी ७५००, आणि १०-२० मिलिमीटरची वाइड (रुंद दृश्य घेणारी) लेन्सही घरचीच. प्रश्न फक्त लांबच्या लेन्सचा होता आणि तो मी पटकन सोडवला, निकॉनची २००-५०० मिलिमीटर, एफ ५.६ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो). माझ्या क्रॉप म्हणजे छोट्या सेन्सरच्या बॉडीवर तिचं ५०० चं टोक ७५० सारखं चालतं. १५०-६०० पण मिळत होती पण ती शेवटच्या टोकाला एफ ६.३ होते, आणि रणात चांगला उजेड मिळतो तो सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा, तेव्हा तेवढा फरकही मला हवा होता. वर्षातून एकदा वापरायला एवढी महाग लेन्स विकत घेणं मला पटत नाही, म्हणून भाड्याने.

इथून पुढे गाडी अडकली. पुण्यात राहते, आधारवर पत्ता गावचा, लाइट बिल घरमालकांच्या नावावर, गॅसचं बिल पण त्यांच्याच नावावर. रेंटलवाल्यांच्या साइटवर कागद अपलोड केले आणि स्टेटस आलं ‘व्हेरिफिकेशन पेंडिंग’, आणि ते तसंच राहिलं. फोन केला की वेगळाच माणूस उचलायचा आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. एक जण म्हणाला, ‘मॅडम, लोकल ॲड्रेस प्रूफ लागेल’, म्हणून भाडेकरार पाठवला. तर फाइल मोठी आहे म्हणून साइट घेईना. छोटी करून टाकली तर ‘अक्षरं वाचता येत नाहीत’ म्हणून रिजेक्ट. मग दुसऱ्याने सांगितलं की करार चालत नाही, एकतर लेन्सच्या पूर्ण किमतीएवढं डिपॉझिट भरा नाहीतर स्वतःचं घर असलेले दोन जामीनदार द्या. अहो, एका लेन्ससाठी मी कुणाकडे घरपट्टीच्या पावत्या मागत फिरू? ऑफिसमधली मैत्रीण द्यायला तयार होती पण मलाच ते बरं वाटेना. पुण्यात निम्मं पब्लिक भाड्याने राहतं, त्यांना तुम्ही लेन्स देतच नाही का, असं मी शेवटी विचारलंच, त्यावर उत्तर ‘सर आल्यावर कळवतो’.

शेवटी हाफ डे टाकून दुकानात गेले. करार, पॅन, आधार, ऑफिसचं आयकार्ड, सही केलेला चेक, सगळ्याच्या प्रिंट. काउंटरवरच्या दादांनी कराराची पानं उलटली, मागच्या पानाशी थांबले आणि म्हणाले, ‘हा इंडेक्स टू आहे ना, मग झालं की.’ एवढंच! म्हणजे करार रजिस्टर्ड आहे हे दाखवणारं ते पान हवं होतं आणि फोनवर एकानेही ते नाव घेतलं नव्हतं. आनंद झाला खरा, पण इतके दिवस जीव टांगणीला लावल्याचा संताप जास्त होता. म्हणून सांगते, पूर्ण करार टाकत बसू नका, नाव-पत्त्याचं पान, सह्यांचं पान आणि इंडेक्स टू एवढंच स्वच्छ स्कॅन करा आणि शक्यतो प्रत्यक्ष जा. डिपॉझिट मोठं असेल तर यूपीआयला दिवसाची मर्यादा असते, साधारण १ लाखाची, ती आदल्या दिवशीच बघून ठेवा. आणि डिपॉझिट किती दिवसांत परत येणार हे मेसेजवर लिहून घ्या.

लेन्स हातात आली की तिथेच तपासा. पुढच्या-मागच्या काचेवर टॉर्च मारून व्हिडिओ काढा, सिरीयल नंबर दिसू दे. मग ५०० वर, एफ ५.६ ला, भिंतीवर लावलेल्या छापील कागदाचे फोटो काढून झूम करून बघा. माझ्या लेन्सचा फोकस किंचित मागे पडत होता, बॉडीतल्या एएफ फाइन ट्यूनने (ऑटोफोकस थोडा पुढे-मागे सरकवायची सेटिंग) जागेवर आला. घरी येऊन हे कळलं असतं तर परत चक्कर.

आता रणातलं. लेन्स जवळपास सव्वादोन किलो, जीपमध्ये ट्रायपॉड उघडायला जागा नसते, म्हणून बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची धान्य भरलेली पिशवी. जाताना रिकामी न्या, तिकडे बाजरी किंवा तांदूळ भरा, परतताना ते कुणाला तरी देऊन टाका. घुडखर धावायला लागले की ताशी ६० किलोमीटरच्या आसपास पळतात, शटर १/१६०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. आणि दुपारी लांबचे फोटो काढायच्या फंदात पडू नका. जमीन तापली की हवा थरथरते, क्षितिजावरची जनावरं पाण्यात उभी असल्यासारखी दिसतात, आणि कितीही महागडी लेन्स लावा, केस न् केस काही येत नाही. लोक त्याला लेन्सचा दोष समजतात. उन्हं चढली की जवळचं काढा किंवा सरळ जेवायला जा. लेन्स बदलणं मात्र जीपमध्ये अजिबात नको, ती बारीक धूळ सेन्सरवर बसली की निळ्या आभाळात एफ ११ ला ठिपकेच ठिपके.

पांढऱ्या रणात कॅमेरा फसतो, सगळं पांढरं बघून फोटो काळपट करतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) अधिक १ पर्यंत वर घ्या आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा, आभाळ गडद करणारा फिल्टर) वाइड लेन्सच्या १० मिलिमीटरवर लावू नका, आभाळ एका बाजूला गडद आणि दुसरीकडे फिकं येतं. चंद्र उगवताना काढायचा तर पौर्णिमेच्या तारखा आधी बघा, त्या दिवसांत राहायच्या जागा लवकर भरतात. ट्रायपॉडचे पाय मिठात रुतवले असतील तर रूमवर आल्या आल्या साध्या पाण्याने धुवून पुसा, नाहीतर खटके जाम होतात.

लेन्स परत देताना पण त्याच दादांकडे गेले, त्यांनी काच बघितली, चेक परत दिला, डिपॉझिट दोन दिवसांनी खात्यात आलं. हो, आणि एक राहिलंच, भाड्याचे दिवस पिकअपपासून मोजतात की दुसऱ्या सकाळपासून ते विचारून घ्या. संध्याकाळी उशिरा नेली तर काही जण तो दिवस धरत नाहीत.