चिनी नववर्षाला तैपेईला यायचंय? आठवडाभर आधी या

मी तैवानची राजधानी तैपेईत राहते म्हटल्यावर भारतातली ओळखीची मंडळी हमखास विचारतात, "चिनी नववर्ष बघायचंय, तर नेमकं त्याच दिवशी येऊ ना?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नको. आठवडाभर आधी या आणि सरळ दिहुआ स्ट्रीट गाठा.

नववर्षाच्या आदल्या रात्री इथली माणसं घरच्यांसोबत जेवायला बसतात. बरेचजण गावी गेलेले असतात, बहुतेक दुकानांची शटरं खाली. पाहुण्याला त्या बंद दारांपलीकडचं काही दिसत नाही. सणाची तयारी मात्र भर रस्त्यात चालते आणि तिथे कुणालाच मज्जाव नसतो.

दिहुआ स्ट्रीट ही दादाओचेंग या जुन्या भागातली पेठ. एकोणिसाव्या शतकात इथल्या नदीच्या धक्क्यावरून ऊलाँग चहा परदेशी जायचा. आजही सुकवलेला माल, औषधी मुळ्या आणि कापड म्हटलं की तैपेईकर इथेच येतात. नववर्षाआधी साधारण दोन आठवडे दुकानांपुढे स्टॉल लागतात आणि चालायला जेमतेम वाट उरते. शिताके मशरूम, लाल बोरं, कमळबी, कलिंगडाच्या भाजलेल्या बिया, शेंगदाण्याच्या वड्या. विक्रेते ओरडून बोलावतात, हातावर चाखायला ठेवतात. घ्यायचं नसलं तरी चाखा, कुणी तोंड वाकडं करत नाही. हा मोकळेपणा मला फार आवडतो. सुक्या कोळंबीचा वास तर कोकणातल्या माणसाला लांबूनच कळेल, थेट आपले सोडे!

पण माझी पावलं थबकतात ती गाबोळीपाशी, म्हणजे माशाच्या अंड्यांच्या पिशवीपाशी. हिवाळ्यात बोय माशांचे थवे तैवानच्या सामुद्रधुनीत येतात. त्यांची गाबोळी अख्खी काढून मिठात मुरवतात, फळ्यांखाली दाबतात आणि उन्हात वाळवतात. तयार झाली की ती पिवळसर केशरी दिसते, उजेडाकडे धरली तर आरपार. घरी तांदळाची दारू लावून हलकी भाजायची, पातळ काप करायचे आणि मुळ्याच्या चकतीसोबत नाहीतर लसणीच्या पातीच्या तुकड्यासोबत खायचे. महाग असते, म्हणूनच नववर्षाची भेट म्हणून तिला मान. आपल्याकडे गाबोळी ताजी तळून संपते. ती इतक्या निगुतीनं टिकवलेली पाहिली की या लोकांबद्दल मला जवळीक वाटते.

लाल कागदावर शाईनं शुभेच्छा लिहून देणारेही बसलेले असतात. छापील कागद स्वस्त मिळतात, तरी हातानं लिहिलेलाच घ्या.

शाकाहारी असाल तर बिचकू नका. बौद्ध परंपरेमुळे तैवानात शाकाहार सगळ्यांना ठाऊक आहे. 'सू', म्हणजे शाकाहारी, एवढं म्हटलं तरी विक्रेता योग्य डब्याकडे बोट दाखवतो. भाव बऱ्याचदा 'जिन' या इथल्या वजनाच्या मापावर असतो. तैवानचा जिन ६०० ग्रॅमचा, त्यामुळे पाटीवरचा आकडा किलोचा समजू नका. शनिवार-रविवारी खांद्याला खांदा घासतो, म्हणून मधल्या वारी सकाळी या. बेइमेन मेट्रो स्टेशनवरून पायी जाता येतं. लहान मुलं सोबत असतील तर दुपारच्या आत परत फिरा.