डोक्यावर पिवळा ठिपका

२६ जानेवारीला कोल्हापुरात जिलेबी न घेता घरी गेलं तर दारातच अडवतात. मंगळवार पेठेत एका मांडवापुढं रांगेत उभी होते, तर मागनं जाऊबाई म्हणाल्या, "तू उंदरांना रंग पाजायचीस न्हवं? मग सांग की, ही रंगाची जिलेबी पोराला द्यायची का नको?"

एम.फार्म.ला असताना खरंच ते केलंय. प्रयोगशाळेतले पांढरे विस्टार जातीचे उंदीर, पिंजऱ्यात भाताचं तूस, रोज सकाळी वजन. मानगुट धरायची आणि टोकाला गोल मणी असलेली वाकडी सुई तोंडातून थेट पोटात. पहिला आठवडाभर उंदरापेक्षा मीच जास्त थरथरत होते. कुठला उंदीर कुठला हे कळावं म्हणून पिक्रिक अ‍ॅसिडचे ठिपके लावायचो. एकाच्या डोक्यावर, एकाच्या पाठीवर, एकाच्या शेपटीवर. आता पिक्रिक अ‍ॅसिड म्हणजेही पिवळा रंगच, एकेकाळी त्यात रेशीम रंगवायचे. म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले, ज्यांना रंग द्यायचा नाही, त्यांनाही तो लागलेलाच! सरांना हे बोलले तर म्हणाले, "थिसिसमध्ये लिहू नकोस."

जाऊबाईंना हिशेब सांगितला. टार्ट्राझिन हा आपल्याकडं खाण्यात चालणारा पिवळा, किलोभर मिठाईत फार तर १०० मिलिग्रॅम. उंदरांना ज्या मात्रेपर्यंत काही झालं नाही, तिला शंभरानं भागून माणसाची मर्यादा काढतात. युरोपात ती वजनाच्या दर किलोमागं रोज ७.५ मिलिग्रॅम आहे. तुमचं पोरगं २० किलोचं, म्हणजे त्यानं रोज दीड किलो जिलेबी खाल्ली तर ती गाठेल.

"मग दे की दोन किलो," जाऊबाई मांडववाल्याला म्हणाल्या.

अहो, पण हे टार्ट्राझिनचं झालं. मेटॅनिल यलो असेल तर तो खाण्यात चालतच नाही, मर्यादा कुठली? दिसायला तोही पिवळाधमक. आणि कढईवाला रंग चिमटीनं टाकतो, तराजूनं नव्हे.

उंदराच्या उत्तरावरही माझा डोळे झाकून विश्वास नाही. १८९५ मध्ये लुडविग रेन या जर्मन सर्जनला फुक्सिन रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयात कॅन्सरच्या गाठी दिसल्या. पुढं संशय रंग बनवायला लागणाऱ्या २-नॅफ्थिलअमाइन या रसायनावर आला, तर उंदीर-सशांत धड काही दिसेना. १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपरनं कुत्र्यांना ते दिलं, तेव्हा त्यांच्या मूत्राशयात तशाच गाठी आल्या. मधे त्रेचाळीस वर्षं गेली. तेवढ्यात रंगखात्यात किती पाळ्या भरल्या असतील!

आमचे बाबा इचलकरंजीत प्रोसेसला, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात होते. रिटायर झाल्यावरही कितीतरी दिवस नखांच्या कडेची निळाई गेली नव्हती. संध्याकाळी माहेरी जिलेबी घेऊन गेले. बाबांनी एक वेढा उचलून ट्यूबलाईटकडं धरला, डोळे बारीक करून बघितला.

"शेड जरा चढलीय," म्हणाले, आणि खाल्ला.