४८ मिनिटांचं रेकॉर्डिंग आणि माझ्या दोन दुपारी

मला कोडिंग येत नाही, डिझायनिंग येत नाही, एक्सेलमध्ये बेरीज करायची तर आधी कॅल्क्युलेटरवर करून मग आकडा टाइप करते, अशी मी. ११ वर्षं ऑफिसात पत्रं, फोन, मीटिंगच्या नोट्स हेच केलं. मग बाबांचं आजारपण आलं आणि नोकरी सोडावी लागली. बाबा दुपारी दीड ते साडेचार झोपतात, म्हणजे माझ्या हातात रोजचे तीन तास, आणि तेही सलग मिळतीलच याची काही खात्री नाही. त्यात बसेल असं घरबसल्या ऑनलाइन काम शोधायला लागले.

सुरुवातीलाच माती खाल्ली. डेटा एंट्रीचं काम होतं, स्कॅन केलेली पानं बघून टाइप करायची, मुदत पाच दिवस, अचूकता ९८ टक्के हवी, आणि रजिस्ट्रेशनचे पैसे आधी भरायचे. भरले. पानं आली ती इतकी पुसट की शून्य आहे की इंग्रजी ओ आहे तेच कळेना, तरी मी भिंग घेऊन बसल्यासारखी बसले, दोन रात्री जागले, पाचव्या दिवशी सबमिट केलं. तर रिपोर्ट आला, अचूकता ९१ टक्के, तुम्ही करार मोडलात, दंड भरा नाहीतर लीगल नोटीस येईल. माझे हातपाय गळाले हो. घरात कुणाला सांगायची पण लाज. शेवटी धाकट्या बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "ताई, काम तू केलंस, पैसे तूच भरलेस आणि आता दंड पण तूच भरणार? त्यांनी नक्की काय केलं मग?" दंड भरला नाही. सगळे मेसेज, करार, पैसे भरल्याची पावती असे स्क्रीनशॉट काढून ठेवले, सायबर तक्रार केली, नंबर ब्लॉक केला. धमक्यांचे दोन-चार मेल आले आणि मग शांत. नोटीस कधीच आली नाही. भरलेले पैसे मात्र गेले ते गेलेच.

त्यानंतर व्हिडिओ लाइक करायचे पैसे देतो म्हणणारे पण आले. यात पहिल्या दोन-तीन वेळा खरंच थोडे पैसे जमा होतात, तोच गळ असतो, मग मोठ्या टास्कसाठी तुम्हीच आधी पैसे टाका म्हणतात. मी आधीच पोळलेली असल्यामुळे तिथेच थांबले.

मग अपवर्कवर, म्हणजे घरबसल्या सुटी कामं मिळतात त्या साइटवर, प्रोफाइल केलं. काय लिहिलं असेल? 'मेहनती, प्रामाणिक, दिलेलं कुठलंही काम वेळेत पूर्ण करते.' आता वाचताना हसू येतं. तिथे अर्ज करायला पण कनेक्ट्स म्हणून टोकन असतात ते खर्च होतात, असे १७ अर्ज केले आणि उत्तर आलं एक, तेही 'दुसऱ्या ॲपवर या, तिथे बोलू' असं. तिकडे गेलं की पैशांचं जे काही संरक्षण असतं ते संपतं, हे तोवर कळलं होतं म्हणून गेले नाही.

परत बहिणीलाच फोन. तिनं सरळ विचारलं, "ऑफिसात लोक कुठल्या कामाला तुलाच शोधत यायचे?" मला विचार करावा लागला. तर मीटिंगचं रेकॉर्डिंग ऐकून शब्द न् शब्द उतरवून द्यायला यायचे, कारण मी कंटाळत नाही. या कामाला बाहेर ट्रान्स्क्रिप्शन म्हणतात आणि त्याचे पैसे मिळतात, हे मला वयाच्या चाळिशीत कळलं!

म्हणून सोपं असेल असं वाटलं, तर काम देण्याआधी टेस्ट घेतात, त्या पहिल्या टेस्टमध्येच नापास. दोन चुका केल्या. एक तर बोलणाऱ्याची वाक्यं मी सुधारून लिहिली, ऑफिसची सवय, आणि त्यांना हवं होतं व्हर्बेटिम, म्हणजे 'अं', 'म्हणजे', अडखळणं सगळं जसंच्या तसं. नियमांच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर होतं, मी वरवर चाळली होती. दुसरी चूक जास्त वाईट. एके ठिकाणी मागे पंखा घरघरत होता आणि माणूस 'तीन' म्हणाला की 'तीस' ते समजेना. वीसेक वेळा ऐकलं, हेडफोन बदलला, स्पीड कमी केला आणि शेवटी अंदाजानं 'तीस' लिहून टाकलं. तिथे 'अस्पष्ट' लिहून पुढे रेकॉर्डिंगमधली वेळ टाकायची असते. ऐकू आलं नाही हे लिहिणं पण याच कामात येतं, माझ्या डोक्यातच नव्हतं ते.

मग महिनाभर घरीच प्रॅक्टिस केली. ओट्रान्स्क्राइब म्हणून फुकट टूल आहे, त्यात एस्केप दाबलं की ऑडिओ थांबतो, परत दाबलं की थोडं मागून सुरू होतो, माउसला हात लावायला नको. या एका बटणानं माझा निम्मा वैताग गेला.

पहिलं खरं काम असं मिळालं की मुलाखती रेकॉर्ड करणाऱ्या एकांची जाहिरात होती, तर मी त्यांचा एक भाग ऐकला, त्यातली पहिली पाच मिनिटं टाइप केली आणि खाली तीन ओळी लिहून पाठवलं. मेहनती-प्रामाणिक काही नाही. चार दिवसांनी उत्तर आलं, आधी १० मिनिटांची ट्रायल, आणि ती पैसे देऊन. पाचेक मिनिटांचा नमुना मी आपणहून देते, पण टेस्टच्या नावाखाली अख्खी फाइल फुकट मागितली तर सरळ नाही म्हणते.

दराचं गणित नीट बघा हं, कारण इथे मी फसता फसता राहिले. पैसे ऑडिओच्या मिनिटावर मिळतात, तुमच्या नाही. १ तासाच्या स्वच्छ रेकॉर्डिंगला साधारण ४ तास लागतात असं धरतात, नवख्याला त्याहून जास्त. माझी पहिली ४८ मिनिटांची फाइल दोन दुपारी खाऊन गेली, म्हणजे सहा तास. तासाचा दर काढल्यावर तोंड एवढंसं झालं. आता तर बरेच जण मशीनकडून मजकूर काढून घेतात आणि 'फक्त तपासा' म्हणून कमी दर सांगतात. दोन माणसं एकदम बोलत असतील किंवा भाषा मिसळलेली असेल तर ते तपासणं नव्यानं लिहिण्याइतकंच जातं, म्हणून मी आधी दोन मिनिटांचा तुकडा मागते आणि मगच हो म्हणते.

पैसे लगेच हातात पडत नाहीत, ते पण धरून चला. अपवर्कच्या फिक्स्ड, म्हणजे एकरकमी ठरवलेल्या कामात क्लायंटनं रक्कम आधी जमा केलेली दिसली तरच मी सुरू करते, आणि त्यानं मंजूर केल्यावर पण पाच दिवस थांबावं लागतं. फायवर म्हणून तशीच दुसरी साइट आहे, तिथे २० टक्के कापतात आणि नवीन माणसाला १४ दिवस थांबावं लागतं.

सध्या आठवड्याला दोन फाइल असतात. त्याच क्लायंटनं कॅप्शन, म्हणजे व्हिडिओखाली दिसतात त्या ओळी, पण करायला दिलेत, एका ओळीत ४२ अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, त्यात माणसाचं बोलणं बसवताना जाम मजा येते. पगार म्हणावा एवढं नाही मिळत. बाबा मध्येच उठले तर हेडफोन काढून उठावंच लागतं.

परवा एका फाइलमध्ये १२ मिनिटं ४० सेकंदांना 'अस्पष्ट' लिहून पाठवलं आणि मनात धाकधूक, म्हणतील नीट ऐकलं नाही. संध्याकाळी क्लायंटचा मेसेज आला, "मी समोर बसलो होतो, मलाही नाही कळलं. राहू दे तसंच."