जिन्यातला दिवा

2025च्या जूनमधली दुपार. टीव्हीवर चर्चा रंगली होती. एसीचं तापमान 20 ते 28 अंशांच्या मध्येच ठेवता येईल असा नियम करण्याचा सरकारचा विचार होता, आणि चार चौकटींत चार माणसं त्यावर तुटून पडली होती. माझ्या घरात मी किती गारठायचं हे सांगणारे तुम्ही कोण, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्या बाई परोपरीने समजावत होत्या की एक अंश वाढवला तरी सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो कधीचं हेच सांगतोय. तिसऱ्याला आधी मंत्र्यांच्या बंगल्यातले एसी मोजायचे होते. चौथ्याला कुणी बोलूच देत नव्हतं. माझं लक्ष मात्र सूत्रसंचालकाच्या मागे. भर दुपारी तिथे इतके दिवे लखलखत होते की मला बसवेना.

दिवसा लागलेला दिवा मला सोसत नाही. सकाळी दहा वाजता रस्त्यावरचा दिवा जळताना दिसला की दाढ ठणकल्यासारखं होतं. दुसऱ्यांच्या घरी गेले की हात मागे बांधून बसते. एकदा मोह आवरला नाही, जाता जाता बाथरूमचा दिवा बंद केला आणि आतून यजमानांचा आवाज आला, "अहो, कोण आहे?" मी उत्तर दिलं नाही. परत लावलाही नाही. पळाले.

हे सगळं बाबांकडून आलेलं. आमच्या घरात वीज वाचवण्याचं खातं त्यांच्याकडे होतं आणि जिन्यातला दिवा ही त्या खात्याची सरहद्द. त्याला दोन बटणं, एक खाली, एक वर. या बटणांची गंमत अशी की नुसता खटका बघून काही कळत नाही. दिवा लागणार की जाणार, हे पलीकडच्या टोकाला कुणी काय करून ठेवलंय त्यावर. मला सगळ्यात वरच्या पायरीवर बसून वाचायला आवडायचं. खालून टक. अंधार. मी वरून टक. उजेड.

"कोण आहे वर?"

"मी."

"काय करतेयस?"

"काही नाही."

"मग काही न करायला दिवा कशाला?" टक.

या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

धाकट्या भावाने एकदा उलटा डाव टाकून पाहिला. बाबा रेडिओ लावून घोरत होते. हा दबक्या पावलांनी गेला आणि रेडिओ बंद केला. बाबा डोळे न उघडता म्हणाले, "ऐकतोय मी." भावाचा राज्यकर्त्यांवरचा विश्वास बहुधा त्याच दुपारी उडाला असावा.

सरकारंही इथेच सापडतात. 1974च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये कोळशाची टंचाई होती. खाणकामगार जादा काम करायला तयार नव्हते, तेलही महागलं होतं. बहुतेक कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज, टीव्ही रात्री साडेदहाला बंद. अशात पॅट्रिक जेंकिन नावाच्या मंत्र्यांनी जनतेला सल्ला दिला की दात अंधारात घासा. वर्तमानपत्रवाले थेट त्यांच्या घरावर, आणि त्या घराचा फोटो छापून आला तो उजळलेल्या खिडक्यांसकट. त्या टंचाईतलं बाकी काही आठवो न आठवो, ते दात लोकांच्या लक्षात राहिले. वाईट याचं वाटतं की सल्ला चुकीचा नव्हता. मी करून पाहिलंय. दात अंधारातही छान घासले जातात. फक्त पेस्ट ब्रशवर पडलीय की बेसिनमध्ये, एवढंच आधी चाचपावं लागतं.

2022च्या ऑगस्टमध्ये स्पेनने एसी 27च्या खाली नेऊ नका म्हणून फर्मान काढलं आणि दुकानांच्या काचांमागचे दिवे रात्री दहाला मालवायला लावले. माद्रिद प्रांताच्या अध्यक्षा इसाबेल दियास आयुसो यांनी ताबडतोब बजावलं, "माद्रिद विझणार नाही." अंधाराने असुरक्षित वाटतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा वाचून मी खूप हसले होते. बंद दुकानात उभ्या पुतळ्यांना कसली आलीय भीती?

आता तेवढं हसू येत नाही.

जिन्यात आम्ही सेन्सरचा दिवा बसवला. माणूस आला की लागतो, गेला की विझतो. बाबा हरखून गेले. जन्मभर ज्यासाठी भांडले ते कुणीतरी यंत्रात घालून दिलं होतं. पहिले काही दिवस ते उगीचच वर-खाली करायचे, मग पायथ्याशी उभं राहून मोजायचे. "तीस सेकंद! एक जास्त नाही." दोन्ही बटणं काढून टाकली तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन खणात ठेवली.

यंदा त्यांचे गुडघे फार धरलेत. परवा रात्री पावलं अर्ध्यावर थांबलेली ऐकू आली म्हणून मी दारात आले. जिन्यात काळोख. तीस सेकंद संपले होते आणि बाबा अजून निम्म्यावर पोचायचे होते. उभा राहिलेला माणूस सेन्सरला दिसत नाही. एका हाताने त्यांनी कठडा धरला होता, दुसरा डोक्यावर नेऊन हलवत होते, सावकाश, सवयीने. दिवा लागला. तीन पायऱ्या चढले. थांबले. पुन्हा अंधार, पुन्हा हात वर.

मी आवाज न करता आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते झोपलेले बघून स्टुलावर चढले. सेन्सरच्या पोटाशी वेळेची एक बारीकशी फिरकी असते. स्क्रू ड्रायव्हर लावून ती पार शेवटपर्यंत पिळली.

संध्याकाळी बाबांची तक्रार आली. "अगं, हा दिवा बिघडलाय. विझतच नाही लवकर. फुकट जळतोय."

"बघते," मी म्हटलं.