काळ्या-गोऱ्यांचं आपल्याला काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, एरवी मी हा प्रश्न हसण्यावारी नेते. 'मॅडम, धुळ्यात बसून ती काळ्या-गोऱ्यांची पुस्तकं कशाला वाचता?' विद्यार्थी विचारतात, व्याही विचारतात. माझ्या दिरांचं तर ठाम मत आहे, की मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं मुलांचं टेन्शन कसं घालवायचं ते सांगावं, अमेरिकेत कोण कोणाला मारतंय त्याच्याशी तिला काय करायचंय?

उत्तर द्यायचं तर फ्रान्झ फॅननपासून सुरुवात करावी लागते. कॅरिबियन समुद्रातल्या, फ्रेंच अमलाखालच्या मार्टिनिक बेटावर 1925 साली जन्मलेला हा काळा माणूस फ्रान्समध्ये मानसोपचाराचा डॉक्टर झाला आणि 1961 मध्ये, अवघ्या 36 व्या वर्षी, ल्युकेमियानं गेला. 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स' हे त्याचं पुस्तक 1952 चं, गोऱ्यांच्या जगात काळ्या माणसाच्या मनाचं काय होतं त्यावरचं. आधी त्यानं ते डॉक्टरकीचा प्रबंध म्हणून द्यायचं ठरवलं होतं, पण ते मान्य झालं नाही. मग दुसराच सरळसोट प्रबंध लिहून त्यानं पदवी पदरात पाडून घेतली आणि हे स्वतंत्र छापलं. बरंच झालं म्हणायचं.

पहिलं प्रकरण भाषेवर आहे. मार्टिनिकमधल्या शिकलेल्या घरांत मुलांनी क्रिओल, म्हणजे तिथली बोली, बोललेलं खपत नसे. फ्रान्सला गेलेल्या तरुणाला धास्ती असायची, की आपण 'र' गिळतो हे कुणाच्या लक्षात येईल. म्हणून तो खोलीचं दार लावून तासन् तास मोठ्यानं वाचत बसे. फॅनन तिकडचा एक किस्साही सांगतो. काही महिने फ्रान्समध्ये राहून आलेला शेतकऱ्याचा पोरगा घरातल्या एका जुन्या अवजाराकडे बोट दाखवून बापाला विचारतो, 'याला काय म्हणतात हो?' बाप काही बोलत नाही, अवजार उचलतो आणि पोराच्या पायावर टाकतो. विसरलेलं सगळं जागच्या जागी आठवतं.

हे वाचून मी खूप हसले. असे बाप आमच्या शिंदखेड्यात, साक्रीत पैशाला पासरी आहेत.

साक्रीकडची एक मुलगी माझ्या वर्गात होती. सेमिनारला उभी राहिली की पुण्याच्या मुलांना लाजवेल असं छापील मराठी बोलायची. एकदा बोलता बोलता तिचा फोन वाजला. ती व्हरांड्याच्या पार टोकाला गेली, आमच्याकडे पाठ केली, तोंडावर ओढणी धरली. तरी ऐकू आलंच, 'हां माय, जेवनू मी.' परत आली आणि म्हणाली, 'सॉरी मॅडम, घरचे होते.' फोन आल्याबद्दलची ती सॉरी नव्हती, कारण त्याआधी मैत्रिणीचा आलेला फोन तिनं आमच्यासमोरच घेतला होता.

या सॉरीचं काय करायचं? घरात बघा, बालपणात बघा, आईशी नातं कसं आहे ते बघा, असं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड सांगेल. फॅननचं म्हणणं असं, की घरात जरूर बघा, पण शाळेतही जाऊन बघा, बाजारातही बघा, कोणाच्या बोलण्यावर लोक मान डोलावतात आणि कोणाच्या बोलण्यावर दात काढतात ते मोजा. काही दुखण्यांचं मूळ समाजात असतं, माणसाला एकट्याला कोचावर झोपवून ते सापडत नाही. अहिराणी बोलायला लाजणारी पोरगी आगाऊ नाही की आजारीही नाही. आम्ही स्टाफरूममध्ये कोणाला 'स्मार्ट' म्हणतो, ते तिनं बरोब्बर ओळखलेलं आहे.

याचा अर्थ फ्रॉइड रद्दीत घाला, असा नाही. रोजच्या बोलण्यातल्या चुका, विसरलेली नावं, हरवलेल्या किल्ल्या यांच्यावरचं त्याचं 1901 चं पुस्तक मी आजही कोणाच्याही हातात देईन. स्वप्नांवरचं मात्र जाडजूड आहे, त्याला सवड हवी. आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असं वाटत असेल, तर कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी मनोविश्लेषणाची भारतीय संस्था 1922 मध्येच काढली होती आणि ते फ्रॉइडशी पत्रातून वादही घालत होते. लांब कशाला, गिरणी चालवणाऱ्या प्रतापशेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञानाचं केंद्र काढलं ते 1916 साली. खानदेशानं केळी आणि कापूसच बघावा, असं तेव्हा त्यांना कोणी म्हणालं असेल, तर त्यांनी ऐकलेलं दिसत नाही.

राहिला काळ्या-गोऱ्यांचा मुद्दा. तो आपल्याकडे मी आणलेला नाही, जोतीराव फुल्यांनी आणला. 'गुलामगिरी' 1873 चं. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली, त्यांना ते अर्पण केलेलं आहे. पुढं 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ड्यू बॉइस यांनी उत्तरही पाठवलं. तेच बाबासाहेब जात म्हणजे वंश नव्हे, हे पुन्हा पुन्हा बजावत होते. हे दोन्ही एकत्र धरून चालावं लागतं. नाहीतर आमच्याकडे लगेच 'म्हणजे अमुक समाज म्हणजे आपले निग्रोच' असं समीकरण मांडून लोक मोकळे होतात. जात ही विटांची भिंत नाही, ती मनाची अवस्था आहे, असं बाबासाहेबांनी 1936 मध्ये लिहून ठेवलंय. मनाचा विषय निघाला म्हटल्यावर मानसशास्त्रवाल्यांनी कानाडोळा कसा करायचा, ते मला दिरांनी सांगावं.

आता गॅदरिंगचं सांगते. आमच्या भागात 'आदिवासी नृत्य' हा हमखास टाळ्यांचा आयटम. एका वर्षी गावातली मुलं तोंडाला काळं फासून, कमरेला आंब्याच्या डहाळ्या बांधून, थर्माकोलचे भाले नाचवत स्टेजवर आली. तोंडानं 'हुर्र हुर्र' चाललेलं. मागच्या रांगांत वसतिगृहातली पावरा आणि भिल मुलं होती, सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यात कडक शिट्टी मारली ती काठी गावाच्या बाजूच्या एका पाड्यातल्या मुलानं. काठीची राजवाडी होळी ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. तिथं डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर राखेचे ठिपके आणि कमरेला भोपळे नि घुंगरू बांधून बुध्या नाचतात. त्यामागे नवस असतो, पाळायची पथ्यं असतात. आंब्याच्या डहाळ्या कुठून आल्या, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, 'तुला राग नाही आला?' तो म्हणाला, 'मॅडम, ते आम्ही नव्हतोच ना.'

फॅनन टारझनच्या सिनेमाबद्दल लिहितो, की मार्टिनिकमधला काळा मुलगा तो बघताना टारझनच्या बाजूनं असतो, जंगली लोकांच्या विरोधात. तोच सिनेमा युरोपात गोऱ्यांच्या गर्दीत बसून पाहायची वेळ आली की त्याची पंचाईत होते, कारण आजूबाजूचे त्याला पडद्यावरच्या जंगल्यांतच धरतात. माझ्या विद्यार्थ्याचं उत्तर मला आधी तसंच वाटलं. पण तो गावातल्या पोरांच्या बेंगरूळ नाचाला हसत होता, हीही शक्यता आहे. आणि ती मी सोडत नाही. आदिवासी शेतमजुरांच्या श्रमिक संघटनेत काम केलेले भिली कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता याच्याही पुढची आहे. स्टेजवरचे लोक आमचं दुःख आम्हालाच सांगत राहिले आणि आमचं दुःख आमचंच राहिलं, अशी तिची बात. ती वाचल्यावर 'त्या मुलाच्या मनात काय होतं' हे मी ठामपणे सांगणं शोभत नाही.

खुद्द फॅननला हा धडा तेव्हा फ्रेंच अमलाखाली असलेल्या अल्जीरियात मिळाला. 1953 मध्ये तो ब्लिदाच्या मनोरुग्णालयात रुजू झाला. फ्रान्समध्ये शिकलेले उपाय, म्हणजे रुग्णांचं वार्तापत्र, करमणुकीच्या संध्याकाळी वगैरे, त्यानं वॉर्डांत सुरू केले. युरोपीय बायकांच्या वॉर्डात ते छान चालले, मुसलमान पुरुषांच्या वॉर्डात साफ फसले. मग त्यानं तिथल्या पद्धतीचं कॉफीघर काढलं, त्यांचे सण साजरे केले, गोष्टी सांगणारा बोलावला. हे अपयश त्यानं सहकाऱ्याबरोबर लेख लिहून जाहीरपणे मांडलं. त्यामुळे फॅनन उचलून जसाच्या तसा सातपुड्यावर चिकटवायला फॅननचाच विरोध झाला असता.

सुरुवात कुठून करायची, असं पुढं विचाराल. त्याच्या शेवटच्या पुस्तकाचं, 'द रेचेड ऑफ द अर्थ'चं, पाचवं प्रकरण आधी वाचा. त्यात रुग्णांच्या नोंदी आहेत. एक युरोपीय पोलीस अधिकारी कैद्यांचा छळ करतो आणि घरी येऊन बायको-मुलांना मारतो. डॉक्टरकडे तो आलाय ते छळ सोडायला नाही. मनाला टोचणी न लागता ते काम कसं जमेल, हे विचारायला. त्यानंतर काळा अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविननं पुतण्याला लिहिलेलं पत्र वाचा, 'द फायर नेक्स्ट टाइम'मध्ये आहे, पुस्तक 1963 चं. गोऱ्यांना तूच प्रेमानं स्वीकारायला हवंस, असं तो त्या पोराला सांगतो. मला ते अजून पटलेलं नाही, आणि दर वर्षी वर्गात त्यावर भांडण लावून द्यायला फार आवडतं. मग काळी अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसनचं 'प्लेइंग इन द डार्क', 1992 चं. गोऱ्यांच्या कादंबऱ्यांत काळी माणसं कुठल्या कोपऱ्यात उभी केलीत, ते ती शोधते. ते वाचून झालं की आपल्या ग्रामीण कथा काढा आणि त्यातला सालदार शोधा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरतो, वर्षभर राबतो, पण पानोपानी त्याच्या तोंडी 'व्हय मालक'पलीकडे किती वाक्यं येतात ते बघा.

फ्रॉइडच्या वाटेनं गेलेल्या फ्रेंच लाकांचं विचारू नका. तो मलाही झेपत नाही, आणि ज्यांना झेपतो असं ते म्हणतात, त्यांनी मला तो समजावून दिलेला नाही. बाकी पुस्तकं घरी आहेत, येऊन घेऊन जा. फक्त पेननं खुणा करू नका. बाल्डविनची एक प्रत दोंडाईच्याला गेलीय ती अजून परतलेली नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे वाचलंच असेल.