वाइनच्या बाटलीचा दिवा : घोडं पेंड खातं ते तळाशी

नाशिकमध्ये रिकाम्या वाइनच्या बाटल्यांना तोटा नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरी वाढल्यापासून त्या भंगारवाल्याच्या गाडीवर दिसतात आणि ओळखीच्यांच्या गच्चीतही साठलेल्या असतात. त्यातल्या तीन निवडून जेवणाच्या टेबलावर टांगायच्या आणि आत पिवळसर एलईडी लावायचा, हे ऐकायला एका दुपारचं काम. वायर, होल्डर, हूक एवढं खरंच दुपारभरात होतं. होल्डर आणि बल्ब आत खालून चढवायला बाटलीचा तळ कापावा लागतो, ते मात्र होत नाही, आणि त्याबद्दल व्हिडिओंमधून जे शिकवतात त्याचा माझा राग अजून गेलेला नाही. त्यामुळे पुढचं बरंचसं तळाबद्दलच आहे.

बाटली ७५० मिलीची, सरळ अंगाची आणि रुंद खांद्याची घ्या. बाहेरून तिचा व्यास साधारण ७५ मिमी भरतो. उतरत्या खांद्याची बाटली दिसायला छान, पण होल्डर आत कुठे टेकेल याचा भरवसा नसतो. स्पार्कलिंग वाइनची बाटली बाजूलाच ठेवा. आतला पाच-सहा बारचा दाब सोसण्यासाठी तिची काच मुद्दाम जाड केलेली असते. कापायला चिवट आणि टांगायला जड. रंगाचंही बघा. गडद हिरवी काच बराच उजेड गिळते, त्यामुळे ताटातलं नीट दिसायला हवं असेल तर निदान मधली बाटली बिनरंगी असावी.

आता तळ. व्हिडिओत काय दाखवतात? सुती दोरा स्पिरिटमध्ये किंवा थिनरमध्ये भिजवायचा, बाटलीला गुंडाळायचा, पेटवायचा आणि बाटली बर्फाच्या पाण्यात बुडवायची. टक्, आणि तळ वेगळा! कट कधी कुठे वाकडा गेला हे कॅमेऱ्यात येत नाही. यात मूळ अडचण अशी की पेटलेला दोरा काचेचा बोटभर रुंद पट्टा तापवतो. तडा कुठून जायचा हे काचेला कोणी सांगितलेलंच नसतं, मग ती त्या पट्ट्यात तिला जिथे कमजोर वाटेल तिथून फुटते. शिवाय घरात थिनर पेटवणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. काचेच्या दुकानात नेली तर? आरशाची सपाट काच ते डोळे मिटून कापतात. बाटली पुढे केली की सगळी गिऱ्हाइकं आटपेपर्यंत ताटकळत ठेवून "गोल काम नाही होत आपल्याकडे" एवढंच सांगतात.

तडा आपल्याला हवा तिथे जायला हवा असेल तर आधी त्याची वाट आखावी लागते. त्यासाठी चाकाचा साधा काचकटर पुरतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पण घरी येऊन पहिली रेघ बाटलीवर ओढू नका. खिडकीच्या टाकाऊ काचेवर ओढून बघा. चाक धारदार असेल तर सलग, बारीक 'सर्र' आवाज येतो आणि केसासारखी चमकती रेघ उठते. रेघ पांढरी, भुकटी सांडणारी आली तर चाक बोथट आहे किंवा जोर जास्त लागतोय. चाकाला शिलाई मशीनच्या तेलाचा किंवा रॉकेलचा एक थेंब द्या.

हातात धरून बाटलीभोवती कटर फिरवू नका. बाटली स्थिर आणि कटर फिरता ठेवला की रेघ हमखास घसरते. उलट करा. एका फळीवर दोन पट्ट्या समांतर ठोका, म्हणजे बाटली त्यांच्या खोबणीत आडवी बसेल. तळाशी एक ठोकळा लावा, त्याला बाटली सतत टेकलेली राहील. बाजूच्या दुसऱ्या ठोकळ्यावर कटर असा घट्ट आवळा की चाक काचेला जेमतेम दाबून राहील. मग बाटली दोन्ही हातांनी तळाच्या ठोकळ्याकडे रेटत सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा. एकच. हे अधोरेखित करून सांगायचं तर तेच सांगेन. चाक काचेच्या पृष्ठभागाखाली अगदी बारीक सरळ चीर पाडतं आणि पुढे तडा तिच्यातूनच खोल जातो. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा चाक फिरवलं की त्या चिरेच्या कडा चुरडतात, आजूबाजूला आडव्या चिरा पडतात आणि तडा वाट्टेल तिकडे निघतो. "रेघ खोल व्हावी म्हणून तीन-चार वेळा फिरवा" असं सांगणाऱ्यांनी स्वतः किती बाटल्या कापल्यात, कोण जाणे.

रेघेचं शेवटचं टोक सुरुवातीच्या टोकाला जुळलं पाहिजे. दोन टोकांत मिलिमीटरभर पायरी राहिली तर कापलेल्या कडेवर तिथेच टोकदार दात राहतो. बाटलीच्या अंगावर साच्याच्या दोन उभ्या शिवणी असतात. रेघ शिवणीवर सुरू करू नका, दोन शिवणींच्या मधे करा. आणि रेघ तळापासून निदान २५ मिमी वर हवी. तळाचा आत वळलेला खळगा जिथे भिंतीला मिळतो तिथे काच एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ असते, आणि तिथे सरळ तडा मिळणं केवळ नशिबाचा भाग.

यानंतर गरम आणि गार पाणी. किटलीसारखं बारीक तोटीचं भांडं घ्या, उकळी येऊन आच बंद केलेलं पाणी त्यात भरा आणि बाटली फिरवत बारीक धार बरोब्बर रेघेवर धरा. दहा सेकंद पुरे. लगेच गार पाण्याची तशीच बारीक धार, तीही रेघेवर. पुन्हा गरम, पुन्हा गार. काच तडकते ती गार पाण्यावर. तापलेल्या काचेचा वरचा थर गार होऊन आक्रसायला बघतो, आतली गरम काच त्याला आक्रसू देत नाही, आणि ती ओढ नेमकी चिरेवर येते. म्हणून गरम पाणी घालताना काहीच होत नाही असं वाटलं तरी घाई नको. काही फेऱ्यांत बारीक 'टिक' ऐकू येईल आणि रेघेखाली चंदेरी पडदा सरकताना दिसेल. तो पूर्ण फिरला की तळ आपोआप निखळतो. खाली बादली ठेवा, बादलीत जाडसर जुना टॉवेल. बाटलीचं बूच काढलेलं असू द्या. डोळ्यांवर गॉगल, हातात कॅनव्हासचे मोजे.

आता ती गोष्ट, जी एकाही व्हिडिओत नाही आणि जिच्यावर सगळं काम अडून बसतं : गार पाणी किती गार? साधी बाटली अचानक बसलेला चाळीसेक अंशांचा फरक सहसा मुकाट सोसते. रेघ मारल्यावर ती त्या मानाने लवकर हार मानते, पण फरक तर हवाच. एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. नळ सोडला की तेच येतं, आणि आपण मात्र गार म्हणून ओतत राहतो. फरक पुरेसा पडतच नाही, काच ढिम्म. लोक मग वैतागून रेघ पुन्हा मारतात, आणि तिथे बाटली जाते. उन्हाळ्यात माठातलं पाणी घ्या किंवा भल्या पहाटे काम करा. जानेवारीत उलटा प्रकार. टाकीतलं पाणी रात्रभर निवून बोटं बधिर करेल इतकं थंड होतं, वरून उकळतं पाणी ओतलं की फरक एकदम मोठा पडतो आणि तडा रेघ सोडून उभा पळतो. तेव्हा गरम पाणी थोडं निवू द्या, किंवा गार पाण्यात तांब्याभर कोमट मिसळा. बर्फ कोणत्याच ऋतूत नको. हळूहळू, फेरीफेरीने पुढे जाणारा तडा सरळ राहतो. एका झटक्यात गेलेला तडा क्वचितच सरळ जातो.

तडा अर्ध्यावर येऊन थांबला तर पूर्ण फेरीला पाणी घालू नका. जिथे तो अजून गेलेला नाही तेवढ्याच भागावर गरम-गार करा. तडा खाली, तळाकडे उतरला असेल तर बाटली वाचते. जुन्या रेघेच्या सेंटीमीटरभर वर नवी रेघ मारा, दिव्याला उंची थोडी कमी झाल्याने बिघडत नाही. तडा खांद्याकडे चढला की ती बाटली विसरा. आणि तीन दिव्यांसाठी एकाच प्रकारच्या निदान पाच-सहा बाटल्या जमवल्याशिवाय कामाला हातच घालू नका.

लेबलाचं राहिलंच. ते रेघ मारायच्या आधी काढायचं. पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचं लेबल बादलीभर गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकून तासभर भिजवलं की सोलून येतं. स्टिकरसारखं असेल तर भिजवून काही होत नाही. केस वाळवायच्या ड्रायरने तापवा, सावकाश ओढा, उरलेला चिकटा खोबरेल तेलाने पुसा आणि मग साबणाने धुवा. काचेवर तेलाचा अंश राहिला तर कटरचं चाक घसरतं, चाकाला दिलेला एक थेंब वेगळा.

कापलेली कड सुरीसारखी धारदार असते. सपाट काचेच्या तुकड्यावर कार्बोरंडमची (काच घासायच्या कठीण भुकटीची) जाडी पावडर आणि थोडं पाणी टाकून बाटली उभी धरून गोल-गोल घासा. पावडर मिळाली नाही तर गॅरेजवाले व्हॉल्व्ह बसवायला वापरतात ती ग्राइंडिंग पेस्ट चालते. कड सगळीकडून सारखी धुरकट दिसली की टेकली समजा. मग वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) १२०, २२०, ४०० असा जाड ते बारीक क्रमाने, आतली आणि बाहेरची धार थोडी तिरपी मारून. आतल्या धारेसाठी कागद पाइपच्या तुकड्याला गुंडाळा. हे सगळं ओल्यातच. सुक्या काचेची धूळ फुप्फुसात जाण्याची वस्तू नाही.

विजेचं काम त्या मानाने सोपं. बाटलीचं तोंड आतून जेमतेम १८-१९ मिमी असतं, तिथून फक्त वायर जाते. होल्डर खालून चढवावा लागतो. ई१४ चा (१४ मिमी आट्यांचा) प्लॅस्टिकचा छोटा होल्डर आणि ४ वॉटचा मेणबत्तीच्या आकाराचा, २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, एलईडी बल्ब हे माप बरोबर बसतं. ९ वॉटचा नेहमीचा बल्ब आत कोंबला तर चारी बाजूंनी हवा कमी पडते, आणि एलईडीचं आयुष्य उष्णतेनेच घटतं. बल्बचं टोक कडेच्या दोन-तीन सेंटीमीटर आत राहिलं पाहिजे, नाहीतर समोर बसणाऱ्याच्या डोळ्यात उजेड घुसतो.

वायर ०.७५ चौरस मिमीची लवचिक, गोल आवरणाची. बाटलीचा भार होल्डरवर टेकतो, मधे रबरी वॉशर घाला. हा भार होल्डरच्या स्क्रूंवर येता कामा नये. होल्डरच्या टोपणात वायर आवळायची पकड असेल तर ती वापरा, नसेल तर आत गाठ मारा. वर सीलिंग रोझमध्येही (छतावर वायर जोडायच्या गोल डबीत) तेच. असं जोडलं की बल्ब बदलताना बाटली वायरवरून वर सरकवता येते, काही सोडावं लागत नाही. प्लॅस्टिकच्या होल्डरला दोन तारा पुरतात. पण वर धातूची टोपी लावणार असाल किंवा बाटलीऐवजी तांबट लेनमधून आणलेलं तांब्याचं भांडं उलटं टांगणार असाल, तर तीन तारांचीच वायर घ्या आणि अर्थिंगची हिरवी-पिवळी तार त्या धातूला पक्की जोडा. अर्थिंग नसलेल्या घरात धातूचा लटकता दिवा लावू नका.

हूक पीओपीत नाही, स्लॅबमध्ये. आधीच्या पॉइंटपासून स्विचच्या भिंतीकडे जाणाऱ्या सरळ रेषेत भोक पाडू नका, तिथे स्लॅबमधून वायरचा पाइप गेलेला असतो. टेबलापासून बाटलीची कड ७५ सेंमीवर ठेवा. मुख्य स्विच पाडून, टेस्टरने खात्री करून मगच हात लावा, आणि छतातल्या जोडणीचा हात बसलेला नसेल तर तेवढ्यापुरता वायरमन बोलवा.

रात्री स्विच बंद करूनही बल्ब मंद लुकलुकत राहिला तर बल्ब बदलत बसू नका. एकतर स्विचमध्ये लाल इंडिकेटर आहे, नाहीतर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलाय. पहिल्यात साधा स्विच लावला की झालं. दुसऱ्यात वायरमनकडून तारा अदलाबदल करूनच घ्या, कारण तशा जोडणीत स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत असते.

घासल्याचा राखाडी गाळ बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. बादलीत रात्रभर बसू द्या, वरचं पाणी हलक्या हाताने काढा, खालचा गाळ आणि कापलेले तळ वर्तमानपत्राच्या चार थरांत बांधून वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहा, आणि सकाळी घंटागाडीवाल्या दादांच्या हातात वेगळं द्या.